‘मेजर’ व्हायचं, तर ‘मेजर’ कोणता घ्यायचा?

बारावीचा निकाल लागला की कॉलेजच्या व्हरांड्यात एक प्रश्न दरवर्षी कानावर पडतो. यंदा तो एका आईने विचारला. मुलगा शेजारी उभा, सडपातळ, केस बारीक कापलेले, नजर सरळ. आई म्हणाली, “सर, याला मिलिटरीत ऑफिसर व्हायचंय. एनडीएची परीक्षा दोनदा दिली, नाही झालं. आता म्हणतो ग्रॅज्युएशन करून पुन्हा देतो. तर सर, सगळ्यात हलका विषय कुठला? म्हणजे डिग्री पण होईल आणि तयारी पण होईल.”

प्रश्न रास्त आहे. पण त्यातला ‘हलका’ हा शब्द मला खटकतो. गेल्या काही वर्षांत मी या शब्दाने घोटाळा झालेला पाहिलाय आणि त्याच्या उलट टोकाला जाऊनही झालेला पाहिलाय. नव्या शैक्षणिक धोरणामुळे आता आपण ज्याला ‘स्पेशल’ म्हणायचो त्याला ‘मेजर’ म्हणायला लागलोय, त्यामुळे वर्गात विनोदही होतो: “सर, मेजर व्हायला मेजर कोणता?” या प्रश्नाचं उत्तर जरा नीट, आकड्यांसकट मांडावं म्हणून हा लेख. शिक्षक मित्रांना प्रवेशाच्या दिवसांत आणि पालकांना घरी बसून विचार करायला उपयोगी पडेल.

आधी एक गोंधळ दूर करू. आपल्याकडे ‘भरती’ म्हटलं की डोळ्यांसमोर मैदानावर पहाटे पळणारी मुलं येतात. ती जवानांची भरती, म्हणजे आताचे अग्निवीर. अधिकारी होण्याची वाट वेगळी आहे. बारावीनंतर एनडीए, म्हणजे खडकवासल्याची राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी. तिथे निवड झाली तर पदवीचा प्रश्न उरतच नाही, कारण तीन वर्षांच्या प्रशिक्षणाबरोबर पदवीही तिथेच मिळते. पण एनडीए हुकली म्हणजे दार बंद झालं असं नाही. पदवीनंतर सीडीएस आहे, ‘कम्बाइन्ड डिफेन्स सर्व्हिसेस’. हीसुद्धा यूपीएससीच घेते, वर्षातून दोनदा, साधारण एप्रिल आणि सप्टेंबरमध्ये. आपला प्रश्न या दाराशी उभ्या असलेल्या मुलामुलींचा आहे.

आता पदवी कोणती लागते? जाहिरात उघडून वाचली तर बऱ्याच पालकांना आश्चर्य वाटतं. डेहराडूनच्या भारतीय सैन्य प्रबोधिनीसाठी, म्हणजे आयएमएसाठी, मान्यताप्राप्त विद्यापीठाची कोणतीही पदवी चालते. चेन्नईच्या ऑफिसर्स ट्रेनिंग अकॅडमीसाठी, म्हणजे ओटीएसाठीही कोणतीही. बीए मराठी असो, बीकॉम असो, बीएस्सी रसायनशास्त्र असो. टक्केवारीची अटसुद्धा नाही. केरळमधल्या एळिमलाच्या नौदल प्रबोधिनीला मात्र इंजिनिअरिंगची पदवी लागते. हवाई दलाच्या प्रबोधिनीला कोणतीही पदवी चालते, पण बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित असायला हवं, किंवा मग इंजिनिअरिंगची पदवी हवी.

हे शेवटचं वाक्य पुन्हा वाचा. वैमानिक व्हायला बीएस्सी लागत नाही. बारावीला फिजिक्स आणि मॅथ्स असलेला मुलगा पुढे बीए करून हवाई दलाच्या उड्डाण शाखेसाठी अर्ज करू शकतो. हवाई दलाची स्वतःची एएफकॅट परीक्षा आहे. तिथे मात्र पदवीला किमान ६० टक्के आणि बारावीला त्या दोन्ही विषयांत ५० टक्के मागतात. म्हणजे दारं उघडी राहणं किंवा बंद होणं हे पुष्कळदा पदवीच्या नव्हे, अकरावीच्या प्रवेशाच्या वेळीच ठरतं. “गणित जड जातं, बायोलॉजी घेऊ” असं अकरावीत म्हणणाऱ्या मुलाच्या मनात विमान असेल, तर त्याला तेव्हाच थांबवायला हवं. हे काम अकरावीच्या वर्गशिक्षकाचं आहे आणि आपण ते बहुतेक वेळा करत नाही.

माझी चूक

आता मी स्वतः दिलेल्या एका चुकीच्या सल्ल्याबद्दल. बऱ्याच वर्षांपूर्वी एक विद्यार्थी होता. मैदानात पुढे, बोलायला धीट, अभ्यासात मध्यम. गणित त्याला नको वाटायचं. सैन्यातच जायचं हे आठवीपासून ठरलेलं. त्याच्या वडिलांनी विचारलं तेव्हा मी म्हणालो, “इंजिनिअरिंगला घाला. सैन्यात झालं तर उत्तम, नाही झालं तर हाताशी डिग्री राहील.” त्या काळी हा सल्ला सगळेच देत होते. मीही दिला.

पोराने चार वर्षं ओढली. पहिल्या वर्षापासून केटी. इंजिनिअरिंगवाल्या घरांना ‘एम-थ्री’ म्हणजे काय ते सांगायला नको. हा पेपर त्याने किती वेळा दिला ते त्यालाच ठाऊक. तरी शेवटच्या वर्षाच्या सुरुवातीला त्याने सीडीएस दिली, लेखी पास झाला, एसएसबीच्या पाच दिवसांतून निवडून बाहेर आला. घरात पेढे वाटले. सीडीएसला शेवटच्या वर्षाचे विद्यार्थी बसू शकतात, पण प्रशिक्षण सुरू होण्याआधी ठरलेल्या तारखेपर्यंत पदवी पास झाल्याचा पुरावा द्यावा लागतो. आयएमएच्या जुलैच्या तुकडीसाठी ही तारीख साधारण १ जुलैच्या सुमाराला येते. त्याचा एम-थ्री तोपर्यंत निघाला नाही. उमेदवारी गेली. एसएसबी त्याने जिंकली होती आणि एका पेपरने त्याला घरी बसवलं.

पुढच्या खेपेला तो पुन्हा बसला, पण आधीची उमेद राहिली नव्हती. नंतर वय निघून गेलं. आज तो एका कारखान्यात चांगल्या नोकरीत आहे, भेटला की हसून बोलतो, माझ्यावर राग नाही त्याचा. मला मात्र ते वाक्य आठवतं: “हाताशी डिग्री राहील.” डिग्री हाताशी राहिली, पण वेळेवर आली नाही.

या मुलाच्या गोष्टीत वयाचं गणित दडलेलं आहे. ते पालकांनी कागदावर मांडून पाहावं. आयएमएसाठी वयाची मर्यादा १९ ते २४ वर्षं. पण हे वय परीक्षेच्या दिवशीचं नव्हे, प्रशिक्षण सुरू होण्याच्या सुमाराचं धरतात आणि प्रशिक्षण परीक्षेनंतर आठ-दहा महिन्यांनी सुरू होतं. म्हणजे प्रत्यक्षात सव्वातेवीस वर्षांच्या आतबाहेर शेवटची संधी.

उदाहरण घेऊ. मुलाचा जन्म जून २००७ चा. बारावी २०२५ ला झाली. त्याने तीन वर्षांची पदवी घेतली तर २०२८ मध्ये ती पूर्ण होईल. शेवटच्या वर्षाच्या सुरुवातीला, म्हणजे सप्टेंबर २०२७ ला, तो पहिल्यांदा सीडीएसला बसू शकतो. आजचे नियम असेच राहिले तर आयएमएसाठी त्याची शेवटची परीक्षा एप्रिल २०३० ची. मोजा: सहा संधी. हाच मुलगा चार वर्षांच्या इंजिनिअरिंगला गेला तर पहिली संधी सप्टेंबर २०२८ ला, शेवटची तीच. चार संधी. त्यात एक वर्ष केटीत गेलं तर दोन. ओटीएसाठी मर्यादा २५ वर्षांची असल्याने तिथे आणखी वर्षभर मिळतं, पण हिशेबाचं स्वरूप तेच राहतं.

सहा आणि चार यांत फार फरक आहे का? या परीक्षेत आहे. अलीकडच्या जाहिरातींत चारही प्रबोधिन्या मिळून एका वेळी साडेचारशेच्या आसपास जागा असतात. त्यात आयएमएच्या १००. देशभरातून येणाऱ्या अर्जांपुढे या जागा अगदी थोड्या. पहिल्याच एसएसबीत निवडले जाणारे थोडे असतात. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला, स्वतःला जरा ओळखू लागल्यावर निवडलेली मुलं मी जास्त पाहिली आहेत. म्हणून हातातल्या संधी कमी करणारा अभ्यासक्रम घेताना त्याच्या बदल्यात काय मिळतंय, ते विचारलं पाहिजे.

बदल्यात काहीच मिळत नाही असं नाही, हेही सांगायला हवं. इंजिनिअर मुलांसाठी सैन्याच्या तांत्रिक शाखांच्या वेगळ्या वाटा आहेत. टीजीसी आणि एसएससी टेक यांना लेखी परीक्षा नाही. पदवीच्या गुणांवरून छाननी होते आणि थेट एसएसबीचं बोलावणं येतं. वय २७ पर्यंत चालतं. नौदलाचं दार तर सीडीएसमधून त्यांनाच उघडं. तेव्हा ज्या मुलीला यंत्रं उघडून बघायची आवड आहे, जिला सैन्य नसतं तरी इंजिनिअरिंगच केलं असतं, तिला जरूर जाऊ द्या. प्रश्न आहे तो ‘सेफ’ म्हणून इंजिनिअरिंगला ढकललेल्या मुलाचा. त्याच्या दृष्टीने ती सगळ्यात कमी सेफ जागा असते. गुणांवरून छाननी होणार म्हटल्यावर काठावर पास होणाऱ्याला त्या वेगळ्या वाटांचाही उपयोग नाही.

मग हलका विषय घ्यावा?

इथे दुसरा खड्डा. एक मुलगा असा होता की त्याने कॉलेजमधल्या सीनिअर मुलांना विचारून “ज्यात अभ्यास करावा लागत नाही” तो विषय घेतला. विषयाचं नाव मुद्दाम सांगत नाही, कारण दोष विषयाचा नव्हता. गाईड वाचायचं, पेपर लिहायचा, पास व्हायचं. सकाळी ग्राउंड, दुपारी सीडीएसचे क्लास, संध्याकाळी अभ्यासिका. लेखी परीक्षा उत्तम गेली.

एसएसबीला मुलाखतीआधी एक माहितीचा फॉर्म भरून घेतात. दहावीपासूनचे गुण, विषय, खेळ, घरची माणसं, सगळं त्यात असतं. मुलाखत घेणारे अधिकारी तो फॉर्म समोर ठेवूनच बोलतात. त्यांनी याला विचारलं: हा विषय का घेतला? तीन वर्षांत त्यातलं काय आवडलं? शेवटचं कोणतं पुस्तक वाचलं? तो मला नंतर सांगत होता, “सर, मला घाम फुटला. खोटं बोललो असतो तर पुढच्या प्रश्नाला पकडलं असतं. खरं बोललो तर तीन वर्षं काहीच केलं नाही असं झालं.” अधिकाऱ्यांना विषयातला पंडित नको असतो. एखादी गोष्ट हातात घेतल्यावर हा माणूस ती मन लावून करतो का, एवढंच त्यातून दिसतं. तीन वर्षं ज्या कामाला दिली त्याबद्दल पाच मिनिटं बोलता येत नसेल, तर उत्तर आपोआप मिळतं.

आणि दुसरी गोष्ट, जी पालकांनी रात्री झोपताना आठवावी: सैन्यात निवड नाही झाली तर? बहुतेकांची होत नाही. तेव्हा वय बावीस-तेवीस असतं आणि हातात असते तीच पदवी. तिच्यावर पुढे काही उभं राहणार आहे का? निवड झाली तरी हा प्रश्न संपत नाही. ओटीएतून शॉर्ट सर्व्हिसवर गेलेला अधिकारी साधारण १० वर्षांनी, वाढवून घेतली तर १४ वर्षांनी बाहेर येऊ शकतो. तेव्हा तो पस्तीस-चाळीसच्या मधला असतो आणि दुसरी नोकरी शोधताना ती पदवी पुन्हा कागदांतून बाहेर निघते.

म्हणून मी आता पालकांना ‘हलका’ हा शब्द सोडा म्हणतो. ‘झेपणारा’ म्हणा. झेपणारा म्हणजे मुलगा ज्यात दरवर्षी एकही केटी न लागता चांगल्या दुसऱ्या वर्गात किंवा वर राहील, ज्याबद्दल त्याला चार वाक्यं स्वतःची बोलता येतील, आणि जो करूनही रोज दोन तास व्यायामाला आणि दोन तास सीडीएसच्या अभ्यासाला उरतील. हा विषय प्रत्येक मुलाचा वेगळा असतो. एकाला अकाउंट्स झेपतं, दुसऱ्याला त्याने ताप येतो.

सीडीएसच्या लेखी परीक्षेचं स्वरूप पाहिलं की हे आणखी स्पष्ट होईल. इंग्रजी, सामान्य ज्ञान आणि प्राथमिक गणित असे १०० गुणांचे तीन पेपर, प्रत्येकी दोन तास. गणिताची पातळी दहावीची. ओटीएला तर गणिताचा पेपरच नाही, इंग्रजी आणि सामान्य ज्ञान एवढंच. चुकीच्या उत्तराला एक तृतीयांश गुण कापतात. दहावीच्या गणितासाठी बीएस्सी मॅथ्स करायची गरज नाही. रोज तीस गणितं वेळ लावून सोडवायची गरज आहे. आपल्या मराठी माध्यमाच्या मुलांना खरी अडचण इंग्रजीची येते. बाकी पेपर हिंदीतून वाचता येतात, इंग्रजीचा नाही. ती उणीव भरून काढायला तीन वर्षं पुरेशी असतात, पण ती तीन वर्षं जर्नल आणि सबमिशनमध्ये गेली नाहीत तर.

विषयांबद्दल विचारतातच, म्हणून माझा अनुभव सांगतो. बीएमध्ये भूगोल मला या मुलांसाठी फार आवडतो. नकाशावाचन, समोच्च रेषा, हवामान, सीमा, नद्या, हे सगळं सामान्य ज्ञानाच्या पेपरला उपयोगी आणि पुढे प्रशिक्षणात नकाशा हातात आला की परकं वाटत नाही. शिवाय पुढे जीआयएस, बीएड, स्पर्धा परीक्षा असे रस्ते फुटतात. राज्यशास्त्र, इतिहास, अर्थशास्त्र यांचंही तेच, वर्तमानपत्र वाचताना अभ्यास आपोआप होतो. इंग्रजी मेजर घेतलेल्या एका मुलीला पेपरपेक्षा एसएसबीतल्या गटचर्चेत फायदा झाला. बीकॉम व्यवहारी मुलांना झेपतं, आणि निवड नाही झाली तर नोकरीचा रस्ता तुलनेने सरळ. बीएस्सीत अडचण अभ्यासाची कमी आणि वेळेची जास्त आहे. दुपारची प्रॅक्टिकल्स आणि एनसीसीची परेड यांची टक्कर होते. कॉलेजचं वेळापत्रक आधी विचारून घ्या. आता बीए, बीएस्सीचं चौथं ऑनर्सचं वर्षही आलंय. या मुलांनी तीन वर्षांनी पदवी घेऊन बाहेर पडायला हरकत नाही, सीडीएसला ती पुरते. वकिलीची आवड असेल तर सैन्यात जॅग ही न्याय शाखा आहे, तिथे एलएलबीला ५५ टक्के लागतात आणि वय २७ पर्यंत चालतं. पण तो वेगळा लेख होईल.

‘संरक्षणशास्त्र’ हा विषय मात्र वेगळा सांगावा लागतो. आपल्याकडे बऱ्याच कॉलेजांत तो आहे आणि पालकांना वाटतं, हा घेतला की सैन्यात प्राधान्य. तसं काही नाही. सीडीएसमध्ये या विषयाचा एकही जादा गुण मिळत नाही. विषय सुंदर आहे. युद्धांचा इतिहास, शेजारी देश, सुरक्षा धोरण वाचायची गोडी असेल तर मेजर किंवा मायनर म्हणून जरूर घ्या. गोडी नसताना नावाकडे बघून घेऊ नका.

विषयापेक्षा मोठी गोष्ट: एनसीसी

विषयावर आपण जेवढा खल करतो त्याच्या निम्मा जरी एनसीसीवर केला तरी मुलांचं भलं होईल. पहिल्या वर्षाला, कॉलेज सुरू झाल्याझाल्या, एनसीसीची निवड होते. तिथे नाव लागलं तर तिसऱ्या वर्षापर्यंत ‘सी’ प्रमाणपत्र हाती येऊ शकतं. आयएमएच्या १०० जागांपैकी १३ जागा लष्करी विभागाच्या ‘सी’ प्रमाणपत्रधारकांसाठी राखीव असतात. याशिवाय एनसीसी स्पेशल एंट्री आहे: ‘सी’ प्रमाणपत्र किमान बी श्रेणीत आणि पदवीला किमान ५० टक्के असतील तर लेखी परीक्षा न देता थेट एसएसबी, आणि निवड झाली की ओटीए. जागा मोजक्या, पण इंग्रजीच्या पेपरला घाबरणाऱ्या खेड्यातल्या मुलासाठी हा रस्ता सोन्यासारखा.

आता बघा, इथे विषय कसा आडवा येतो. जड विषय घेतला, ५० टक्क्यांखाली गेला, की हा रस्ता बंद. ज्या कॉलेजात हवा तो विषय आहे पण एनसीसी नाही, तिथे प्रवेश घेतला की हा रस्ता बंद. मुक्त विद्यापीठातून पदवी घेतली तर ती सीडीएसला चालते, पण परेड, शिबिरं, सोबतीची मुलं यांतलं काहीच मिळत नाही. म्हणून मी म्हणतो, आधी एनसीसी असलेलं कॉलेज शोधा, मग तिथे असलेल्या विषयांतून झेपणारा निवडा. उलट्या क्रमाने जाऊ नका.

खर्चाबद्दलही एक शब्द. “पदवी प्लस डिफेन्स” अशा पाट्या लावून लाखांत फी घेणारे क्लास आता तालुक्यापर्यंत आलेत. सगळे वाईट नाहीत. पण पैसे भरण्याआधी पालकांनी नाशिकरोडच्या छात्रपूर्व प्रशिक्षण केंद्राची चौकशी करावी. राज्य शासनाचं हे केंद्र सीडीएस आणि एसएसबीची तयारी करून घेतं, राहणं-जेवण-प्रशिक्षण मोफत. माहिती जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात मिळते. आपल्या कॉलेजच्या सूचनाफलकावर ही माहिती लावलेली मी फार कमी ठिकाणी पाहिली आहे.

साध्या पदवीने काय होतं, असं विचारणाऱ्या पालकांना मी मेजर रामस्वामी परमेश्वरन यांची गोष्ट सांगतो. मुंबईत शीवच्या एसआयईएस कॉलेजातून त्यांनी १९६८ साली विज्ञानाची पदवी घेतली. १९७१ मध्ये चेन्नईच्या ओटीएत दाखल झाले, १९७२ मध्ये महार रेजिमेंटमध्ये अधिकारी म्हणून रुजू झाले. नोव्हेंबर १९८७ मध्ये श्रीलंकेत शांतिसेनेत लढताना त्यांना वीरमरण आलं आणि मरणोत्तर परमवीरचक्र मिळालं. साधी तीन वर्षांची पदवी आणि आजच्या मुलांसमोर आहे तेच दार.

आणि एक मुलगी, जिचा उल्लेख करायचाच आहे. भूगोल मेजर, एनसीसी, वडील दुधाचा रतीब घालतात. मुली सीडीएसमधून ओटीएसाठी बसतात, तशी ही बसली. लेखी दोनदा पास, दोन्ही वेळा पाचव्या दिवसाच्या कॉन्फरन्सपर्यंत जाऊन परत. दुसऱ्यांदा परत आली तेव्हा रडली, मीही काही बोललो नाही. महिन्याभराने आली ती जीआयएसच्या कोर्सचा फॉर्म घेऊन. आज सॅटेलाइटच्या चित्रांवरून पिकांचे नकाशे करते. वडिलांनी त्या वेळी “आर्ट्सला घालून पोरीचं वाटोळं केलं” असं ऐकून घेतलं होतं गावाकडून. आता तेच लोक सातबाऱ्याच्या नकाशाचं काही अडलं की तिला फोन करतात. तिचं काम त्याचं नाही, हे त्यांना कोण सांगणार.

तर त्या आईला मी एवढं सगळं सांगितलं नाही. मुलालाच विचारलं, दहावी-बारावीत कुठल्या विषयाचं पुस्तक शाळेने सांगायच्या आधी वाचलं होतंस? तो जरा लाजला आणि म्हणाला, “इतिहासाचं. सगळं.” बारावीला त्याचं विज्ञान होतं, फिजिक्स-मॅथ्ससकट, दोन्हीत साठच्या आसपास. म्हणजे हवाई दलाचं दारही उघडं. आई म्हणाली, “पण सर, सायन्स करून परत आर्ट्स? लोक काय म्हणतील?”

मी तिला वयाचं गणित कागदावर मांडून दिलं, सहा संधी आणि चार संधी. तिने कागद घडी करून पर्समध्ये ठेवला. “याच्या पप्पांना दाखवते,” म्हणाली.

दोन दिवसांनी तिघंही आले. इतिहास मेजर, राज्यशास्त्र मायनर असा फॉर्म भरला. वडिलांनी एकच प्रश्न विचारला, एनसीसीची निवड कधी आहे. मी म्हणालो, कॉलेज सुरू झालं की पहिल्याच आठवड्यात, सकाळी साडेसहाला मैदानावर, आणि पळायचे बूट घालून यायचं, चप्पल चालत नाही.